माणसाळलेली

कॅलगरीच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देण्याची एक ठरलेली तऱ्हा होती. "या डॉक्टर सुलभाताई. या हेलिकॉप्टरातून शेळ्या हाकतात." मग हशा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या भाषेत मी वाढले, आणि नोकरी केली ती हेलिकॉप्टरात बसून डोंगरातल्या शेळ्या मोजण्याची. हा विनोद मला स्वतःलाही पहिली काही वर्षं आवडायचा. हशा ओसरला की पुढचे प्रश्नही ठरलेले. दूध किती देतात? मटण कसं लागतं? दूध कुणी काढत नाही आणि मटण मी कधी चाखलं नाही, असं सांगितलं की विचारणाऱ्याचा रस संपायचा आणि तो बटाटेवड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा.

आता गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे, त्यामुळे घरी बसून लिहायला सवड आहे. संपादकांनी कळवलं होतं की परदेशातल्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. गंमत होती तेवढी वर लिहून झाली. पुढचं वाचून दिवाळीच्या फराळाची चव गेली तर मला बोल लावू नये.

माझे वडील माण तालुक्यात, दहिवडीच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. पोट फुगलेली शेळी काखोटीला मारून बायका चार-चार कोस चालत यायच्या आणि वडिलांसमोर रडायच्या. ते बघतच मी मोठी झाले. परभणीला पशुवैद्यकी शिकले, फलटणला नोकरी केली, आणि नवऱ्याला तेलकंपनीत काम मिळालं म्हणून दोन हजारच्या सुमाराला कॅनडात आले. इथे माझी पदवी चालेना. परीक्षा द्या, मग पुन्हा परीक्षा द्या. त्या नादी लागण्याऐवजी मी रॉकीज पर्वतातल्या एका पार्कमध्ये उन्हाळ्यापुरतं काम धरलं आणि तिथेच रुजले. आठवडाभर पार्कच्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि शनिवार-रविवार कॅलगरीत घरी यायचं, असा संसार आम्ही दहा-बारा वर्षं केला.

ज्या जनावरासाठी हे सगळं केलं त्याला इंग्रजीत माउंटन गोट म्हणतात, पण ती धड शेळी नाही आणि धड हरिणही नाही. दोन्हीच्या मधलं तिचं कूळ. हिमालयात गोरल आणि सेरो नावाची जनावरं आहेत, ती हिची जवळची भाऊबंद. अंगानं पांढरीशुभ्र, खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, नर असो वा मादी हनुवटीखाली दाढी, आणि काळीभोर, सुरीसारखी टोकदार शिंगं. तिची कवटी पातळ असते. त्यामुळे मेंढ्यासारखी टक्कर ती देत नाही. बाजूनं येते आणि भोसकते.

हिवाळ्यात बाकीची शहाणी जनावरं दरीत उतरतात. ही उतरत नाही. उणे तीस-चाळीस तापमानात, वाऱ्यात माणूस उभा राहू शकणार नाही अशा कड्यावर ती मुक्काम करते, कारण तोच वारा तिथलं बर्फ उडवून लावतो आणि खालचं वाळकं गवत उघडं पडतं. गवत संपलं की शेवाळ. शेवाळ संपलं की दगडफूल, म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं. अंगावर दोन पदरी कपडा असतो. आत दाट मऊ लोकर आणि तिच्यावर वीतभर लांब, आतून पोकळ केस. त्या पोकळीतली हवा थंडीला आत येऊ देत नाही. कान लहान, शेपूट लहान, पाय आखूड. गारठेल असं काही बाहेर ठेवलेलंच नाही. खुरांची कड कठीण आणि मधला तळवा रबरासारखा खरखरीत, त्यामुळे हाताच्या पंजाएवढ्या कपारीवर ती रवंथ करत बसते. पिल्लू सोबत असलं की आई नेहमी त्याच्या उताराच्या बाजूला चालते. घसरलंच तर तिच्या अंगावर येऊन अडावं म्हणून.

एवढी तयारी करूनही मरतात त्या मरतातच. जूनमध्ये कड्यावरून कोसळलेले हिमलोट वितळायला लागले की त्यांतून पांढरी केसाळ अंगं बाहेर यायची. कधी एकटी आई, कधी आई आणि गेल्या वर्षीचं पिल्लू, दोघंही जशी चालत होती तशीच. शिंगांवरची वर्तुळं मोजून वय काढायचं, दात बघायचे, पोटातलं बघायचं, हे माझं काम. पहिल्या वर्षी मी त्यांच्याशेजारी बसून रडले होते. माझा वरिष्ठ ग्लेन, साठीकडे झुकलेला, फार कमी बोलणारा माणूस, तो माझं रडणं होईपर्यंत चहाचा थर्मास धरून शांत उभा राहिला. मग म्हणाला, "हे बर्फानं मेलेलं आहे, सुलभा. याचं दुःख हलकं असतं." तेव्हा मला त्याचा राग आला होता.

थंडीवर एवढी मात केलेल्या या जनावराला एकच गोष्ट वेड लावते, ती म्हणजे मीठ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळं गवत खाऊन त्यांच्या अंगातलं मीठ कमी होतं, आणि दूध पाजणाऱ्या आयांना तर ते हवंच असतं. मग त्या कडे सोडून मैलोगणती चालतात आणि खारट माती चाटायला खाली येतात. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ रस्त्याकडेला उरतं, ते चाटायला हायवेवर येतात आणि ट्रकखाली जातात. डोंगर चढणाऱ्या माणसांच्या घामानं भिजलेल्या बॅगा चाटतात. आणि सगळ्यात जास्त ओढ माणसाच्या लघवीची. पायवाटेच्या कडेला कुणी जाऊन आलं की ही मंडळी हजर. त्यामुळे आल्या-गेल्या गोऱ्या माणसाला अडवून "लघवी वाटेपासून लांब, उघड्या खडकावर करा" हे समजावणं माझ्या कामाचा मोठा भाग होता. एका वकिलानं मला विचारलं होतं, "मॅडम, हे सांगायला तुम्ही इंडियातून आलात?" मी म्हटलं, "हो. तिकडे कुणी ऐकेना."

हे सगळं एवढ्यासाठी करायचं की जनावराची भीड चेपू नये. माणूस म्हणजे मीठ हे गणित एकदा तिच्या डोक्यात बसलं की ती अंगावर येते, हट्ट करते, आणि हट्ट पुरवला नाही तर शिंगं वापरते. नियम साधा होता. पिल्लाला वाचवण्यासाठी कुणाला मारलं तर तो तिचा स्वभाव. वाट काही दिवस बंद ठेवायची आणि तिला एकटं सोडायचं. पण माणसाच्या हातचं खाऊन सोकावलेल्या जनावरानं माणसाला जखमी केलं तर त्याला गोळी. लोक विचारतात, दुसऱ्या डोंगरावर का नाही नेऊन सोडत? आम्ही ते करून पाहिलं होतं. अनोळखी कड्यावरून त्या पडतात, नाहीतर परत येतात, आणि मिठाची सवय सोबत घेऊन येतात.

आता काकूबद्दल सांगते.

काकू ही आमच्या खिंडीतल्या कळपाची म्होरकी. या जनावरांत माद्यांचं राज्य असतं, नर बिचारे कडेकडेनं राहतात. माझी सख्खी काकू पंगतीत वाढताना ज्या नजरेनं एकेकाकडे बघायची आणि पुढे सरकलेल्या पोराला कोपरानं मागे सारायची, ती हुबेहूब हिच्यात होती. गळ्यातल्या पट्ट्यावर नंबर होता, पण मी तिला काकूच म्हणायची आणि पुढे ग्लेनही "काकू" म्हणू लागला, अर्थात "कॅकू". दोन उन्हाळे ती पायवाटेवर घोटाळत होती आणि दोन उन्हाळे मी तिला हाकलत होते. डब्यात खडे घालून वाजवायचे, टाळ्या पिटायच्या, माणच्या धनगरांसारखी आरोळी ठोकायची, अगदीच ऐकलं नाही तर रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक. माझं हिरवं जॅकेट दिसलं की ती मान वळवून, मला कमी लेखत, सावकाश वर निघून जायची. तिसऱ्या उन्हाळ्यात ती खाली यायचीच थांबली. त्या वर्षी तिला पिल्लू झालं होतं. ग्लेन म्हणाला, "सुटली ही." माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढी खूश क्वचितच झाले असेन.

त्याच जुलैत टोरांटोजवळच्या वॉटर्लूहून एक मराठी कुटुंब आठवडाभरासाठी आमच्या खिंडीखालच्या केबिनमध्ये येऊन उतरलं. निखिल कुठल्याशा टेक कंपनीत होता. सोबत बायको, चार वर्षांची आर्या, आणि सिन्नरहून पहिल्यांदाच परदेशी आलेली आई. मी केबिनवरून जात होते तर आतून फोडणीचा वास आणि "अगं, तो झारा दे" असं शुद्ध मराठी ऐकू आलं. पाय आपोआप थांबले. आजींनी मला पोहे खाऊ घातले, माझं गाव विचारलं, जात न विचारता काढून घेतली आणि "एवढी डॉक्टर झालीस आणि इथे रानात काय करतेस गं?" असंही विचारलं. निघताना मी माझं नेहमीचं सांगितलं, की पांढरी जनावरं दिसतील, गरीब वाटतील, पण जवळ जाऊ नका आणि खायला काही देऊ नका.

"नाही गं बाई," आजी म्हणाल्या. "आम्ही कशाला त्यांना काही खायला देतोय?"

आणि त्यांनी खरंच खायला काही दिलं नाही. पुढे जे घडलं ते मला आजींनीच सांगितलं. प्रवासानं आर्या किरकिरी झाली होती, घास घेत नव्हती. आजींना वाटलं, पोरीला दृष्ट लागली. वॉटर्लूच्या कॉन्डोत त्यांनी एकदा मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या उतरवून गॅसवर टाकल्या होत्या. त्यावर स्मोक अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती आणि फायर ब्रिगेडची गाडी आली होती. तेव्हापासून निखिलची सक्त ताकीद होती, "आई, इथे काहीही जाळायचं नाही हं." त्यातून त्या वर्षी रान कोरडंठाक, सगळीकडे विस्तवाला बंदी. मग आजींनी दुसरा शास्त्रोक्त मार्ग काढला. दृष्ट काढली आणि पदराखाली मूठ धरून, मागे न बघता, जिथे तीन पायवाटा मिळतात तिथे जाऊन टाकली. ते तिकाटणं नेमकं खिंडीतून उतरणाऱ्या वाटेवर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजी तिकडे फिरायला गेल्या तर काकू तिथली माती चाटत उभी. शेजारी पिल्लू.

हिरव्या जॅकेटची भीती मी काकूला घातली होती. डब्याची घातली होती, आरोळीची घातली होती. पण पांढऱ्या पातळातल्या, वर स्वेटर घातलेल्या आणि पायात सुनेचे मोजे चढवलेल्या म्हाताऱ्या बाईची भीती तिला कुणीच घातली नव्हती. आजी हळू आवाजात बोलत होत्या, हातवारे करत नव्हत्या. दोन-तीन दिवसांत काकू त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहायला लागली.

शेवटच्या दिवशी निखिल फोटो काढायला म्हणून सोबत गेला. आजींनी मूठ पुढे केली, काकू आली. तिची शिंगं आईच्या पोटाजवळ बघून निखिल घाबरला आणि त्यानं आईचा हात मागे ओढला. मूठ मिटली. काकूनं मान वळवली आणि निखिलच्या मांडीत शिंग घातलं.

मी आणि ग्लेन पोचलो तेव्हा तो वाटेवर पडला होता आणि आजींनी आपला स्वेटर जखमेवर गच्च दाबून धरला होता. त्यांचा हात बाजूला करून मी माझा दाबला. जनावरांच्या जखमा जन्मभर बांधल्या होत्या, माणसाची पहिलीच. निखिल पांढराफटक पडला होता, तरी म्हणत होता, "ताई, आय अ‍ॅम ओके, आईला बघा, तिचं बीपी आहे." हेलिकॉप्टर आलं आणि त्याला आणि बायकोला घेऊन गेलं. मोठी रक्तवाहिनी बोटभरानं वाचली होती. संध्याकाळपर्यंत टाके घालून झाले आणि तो धोक्याबाहेर असल्याचा निरोप आला.

उरला होता तो काकूचा निवाडा. केबिनकडे चालताना ग्लेन मला म्हणाला, "देव करो आणि तो पोरगा पिल्लाच्या आड आलेला असो." त्यालाही ती जगायला हवी होती. मिठाचं आम्हाला दोघांनाही अजून काही माहीत नव्हतं. निखिल दवाखान्यात औषधांच्या गुंगीत होता आणि पाहणारं दुसरं माणूस एकच होतं, तेही मराठीखेरीज काही न बोलणारं. त्यामुळे प्रश्न ग्लेनचे, उत्तरं आजींची, आणि मध्ये मी.

आर्या आजींच्या मांडीवर बसली होती. "द गोट वॉज सो मीन, आजी," ती म्हणत होती. आजींनी तिच्या तोंडावर हलकेच बोट ठेवलं.

"बरोबर पिल्लू होतं का विचार," ग्लेन म्हणाला.

"होतं की! गोजिरवाणं."

"निखिल आई आणि पिल्लू यांच्या मध्ये गेला का?"

मी हे विचारलं आणि माझ्या स्वतःच्या कानाला जाणवलं की विचारताना माझा आवाज होकार मागत होता. आजी विचार करून म्हणाल्या, "नाही. पिल्लू पार वर, त्या दगडाशी होतं. निखिलनं माझा हात ओढला ना, मुठीत मीठ होतं, म्हणून ती चिडली बिचारी."

"कसलं मीठ, आजी?"

मग ती सगळी दृष्टीची कथा आली. मी अजूनही धडपडत होते. म्हटलं, "म्हणजे तुम्ही दृष्ट काढून तिकाटण्यावर टाकलंत, एवढंच ना? तुम्ही टाकून आलात, ती नंतर आपली आपण आली."

"पहिल्या दिवशी टाकलं," आजी म्हणाल्या. "पण ती ते चाटायला लागली तेव्हा माझ्या जिवाला लागलं. पोरीवरून उतरवलेलं मीठ मुक्या जनावराच्या पोटात जायचं म्हणजे दृष्ट तिला लागायची ना. तिच्याही पदरात लेकरू. म्हणून मग मी तिचं वेगळं नेत होते. डब्यातलं, चांगलं. रोज घालत होते."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, आजी, खायला देऊ नका."

"खायला कुठे दिलं? मीठ म्हणजे काय खाणं असतं का?" आणि मग त्या पुढे सरकल्या, माझा हात धरला. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं की त्या जनावराचं काहीतरी घाटतंय. "हे बघ, तुझ्या साहेबाला नीट समजावून सांग. ती मारकी नाही. रानटी तर मुळीच नाही. माझ्या तळहातावरनं खायची, अंगाला अंग लावून उभी राहायची. चांगली माणसाळलेली आहे ती. असं म्हणावं त्याला. म्हातारी खोटं बोलणार नाही म्हणावं."

माणसाळलेली. आपल्याकडे यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र जनावराला नाही. बाजारात बैल विकताना हेच सांगतात, कुत्रं दत्तक देताना हेच सांगतात. दहिवडीला वडिलांच्या टेबलावर शेळी ठेवताना त्या बायका हेच म्हणायच्या, "लई माणसाळल्याली हाय हो, डॉक्टर, वाचवा." आणि ज्या धंद्यात मी होते तिथे या शब्दाचा एकच अर्थ होता.

"व्हॉट डिड शी से?" ग्लेननं विचारलं.

मला आजही कुणी ना कुणी विचारतं, त्या वेळी शब्द बदलला असतास तर? ग्लेनला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. पिल्लू जवळ होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्यासमोर मांडीवर चार वर्षांची पोर बसली होती. काकूची शिंगं तिच्या गळ्याच्या उंचीला येत होती, आणि पुढच्या आठवड्यात त्या केबिनमध्ये दुसरी कुणाची तरी पोर येणार होती. मी ग्लेनला सांगितलं, ती म्हणते जनावर माणसाळलेलं आहे, रोज तिच्या हातून मीठ खात होतं. जसंच्या तसं सांगितलं. ते बरोबर होतं असं मला वाटतं, आणि वाटतं म्हणून झोप लागते असं काही नाही.

ग्लेननं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. आजींनी त्याच्यासमोर शंकरपाळ्यांची ताटली सरकवली. त्यानं एक उचलला, खाल्ला आणि "थँक यू, मॅम" म्हणाला.

वरून हुकूम यायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब दवाखान्याच्या गावी हललं आणि आम्ही दोघं खिंडीत गेलो. कड्यावर गोळी घातली तर जनावर दरीत पडतं, आणि चुकीच्या जनावराला लागण्याचीही भीती असते. म्हणून तिला सपाटीवर आणायचं होतं. कसं आणायचं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी हिरवं जॅकेट काढून बॅगेत ठेवलं. एका पसरट दगडावर मिठाची पिशवी रिकामी केली.

काकू आली. दूध पाजणाऱ्या माद्यांचे हिवाळ्याचे केस सर्वांत शेवटी गळतात. तिच्या अंगावर जुन्या गोधडीसारख्या लोकरीच्या चिंध्या लोंबत होत्या. पिल्लू मागे राहिलं. ती दगडाशी थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि बहुधा जॅकेट नसल्यामुळे ओळखलं नाही. किंवा ओळखलं आणि मीठ जास्त हवं होतं. ग्लेननं हळूच विचारलं, "हीच ना?" पट्टा मानेच्या केसांत दडला होता, त्यामुळे खात्रीनं सांगणारी मीच होते. मी म्हटलं, "हीच."

ग्लेनचा नेम चांगला होता. तिला काही कळलं नसेल. पिल्लू कड्यावर चढून गेलं आणि दिसेनासं झालं.

तपासणी मलाच करायची होती. ती मी केली. निरोगी जनावर होतं, दात शाबूत, अजून चार-पाच हिवाळे सहज काढले असते. कासेत दूध होतं. ग्लेन या वेळी थर्मास घेऊन आला नाही, लांब पाठ करून बसून राहिला. बर्फानं मेलेल्याचं दुःख हलकं असतं असं तो का म्हणाला होता, ते मला तेव्हा समजलं, आणि न समजतं तर फार बरं झालं असतं.

पिल्लाच्या गळ्यात पट्टा नव्हता. आईविना पहिला हिवाळा काढणारी पिल्लं असतात, पण थोडी. कळपातल्या दुसऱ्या मोठ्या माद्या त्याला चाऱ्याच्या जागेवर टिकू देत नाहीत, सगळ्याच काकू असतात. पुढच्या मार्चमध्ये मी हेलिकॉप्टरातून त्या कड्याला घिरट्या घालायला लावल्या. वर्षाची पिल्लं दिसली. त्यातलं ते होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. पांढऱ्यावर पांढरं, आणि हेलिकॉप्टरच्या आवाजानं सगळीच पळत होती. पायलट म्हणाला, इंधन संपतंय. आम्ही परत फिरलो.

आजींचा फोन मात्र त्याआधीच, ऑक्टोबरात आला होता. व्हिसा संपत आला होता, दोन दिवसांनी टोरांटोहून विमान होतं. निखिल हिंडायला-फिरायला लागला होता, जिना चढताना अजून थोडं दुखायचं. आर्याचं खाणंपिणं सुधारलं होतं. वॉटर्लूत थंडी पडायला लागल्याचं त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. मी खिडकीतून गुडघाभर बर्फ बघत ऐकत होते. इकडचं तिकडचं बरंच बोलून झालं.

"एक विचारू का गं? निखिलला विचारायची सोय नाही, तो नाव काढलं तरी चिडतो. ती गेली ना वर, तिच्या डोंगरात?"

"गेली, आजी."

"देवच पावला. मला इतके दिवस घोर लागला होता, माझ्यापायी तिला काही करतात की काय. तुमचा साहेब मोठा भला माणूस. बघ, मी सांगितलं तसंच सांगितलंस ना तू त्याला? माझं ऐकलं ना त्यानं?"

"हो, आजी," मी म्हटलं. "तुमचंच ऐकलं."